बाटलेला उतार

दिवाळीनंतर भीमेचं पाणी ओसरलं आणि उतारवाडीच्या सरपंचाला बऱ्याच वर्षांनी गेणबाची आठवण झाली.

सरपंच स्वतः आला. पायरीखाली चपला काढून आला, म्हणजे काम मोठंच असणार, हे तानुबाईनं चुलीपुढूनच ओळखलं. तिचा सासरा गेणबा ओट्यावर ऊन खात, गुडघ्यांना तेल चोळत बसला होता.

"आबा, यंदा उतार पाडायचा बरं का."

गेणबाचा हात गुडघ्यावरच थांबला. "कुठं पाडायचा? नदीत, का तुझ्या अंगणात?"

"काय आबा! आपला नेहमीचा उतार."

"तो ठेवलाय व्हय तुझ्या बोटींनी?"

"बोटी माझ्या कुठल्या? शेठच्या. आन् ते काय उतारातली वाळू काढत्यात? खालच्या अंगाची काढत्यात." सरपंच पुढं सरकून बसला. "पलीकडच्या लोकांनी अर्ज केलाय. म्हणं वाळूनं उतार गिळला. सोमवारी दोन्ही तालुक्यांचं साहेब येणार हायेत बघाया. तुम्ही पुढं चाललात, की कुणाची टाप हाय न्हाई म्हणायची?"

गेणबा पुन्हा गुडघ्याला तेल चोळू लागला. सरपंच उठला, चपला पायात सरकवता सरकवता सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "हनुमंताला शेठ कायम करणार हायेत. कालच विषय निघाला व्हता."

हनुमंत म्हणजे तानुबाईचा नवरा. कारखान्याचा हंगाम संपला की पूर्वी घरी बसायचा, आता शेठच्या वाळूच्या प्लॉटवर राखणीला होता. घरातलं पीठ-मीठ त्याच वाळूतून येत होतं.

खरं तर उतारवाडी हे गाव तिथं असायचं काही कारण नव्हतं, उताराशिवाय. नदी वरून खोल यायची आणि इथं ऐसपैस पसरायची. खाली खडक, वर वाळू, कार्तिकात गुडघाभर पाणी. पलीकडची मेंढरं इथूनच अलीकडं यायची. कधीतरी कुणी मेंढका दमला आणि इथंच राहिला. त्याच्या वाड्याची वस्ती झाली. पाणी उतरायची वाट बघत काठावर बसलेली माणसं आपसांत घोंगड्या, कांदे, कोंबड्या विकायला लागली, त्याचा गुरुवारचा बाजार झाला. बाजाराला चहा लागतो, चहाला साखर, म्हणून दुकान आलं. मग शाळा, दवाखाना, भांडणं आणि ती मिटवायला चौकी. पानशेत फुटलं तेव्हा अर्धं गाव वाहून गेलं. सरकारनं वर माळावर जागा दिली. माणसं दोन पावसाळे तिथं राहिली आणि पुन्हा खाली आली, कारण उतार खाली होता. नदीच्या अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. वाळूचा लिलाव असला की नदी दोन्ही तालुक्यांची असायची, तक्रार आली की कुणाचीच नसायची.

आणि या उताराची चावी गेणबाच्या घरात होती. पाणी ओसरलं की त्याच्या घरातल्या कर्त्या माणसानं उपाशीपोटी, हातात काठी घेऊन पाण्यात शिरायचं. पायानं तळ चाचपत पलीकडं जायचं. मागून दोघंजण बाभळीचे खुंट रोवत यायचे, प्रत्येक खुंटाला भंडाऱ्यात बुडवलेलं फडकं. याला उतार पाडणं म्हणत. या काठापासून त्या काठापर्यंत पिवळी रांग दिसली की माणसानं डोळे झाकून निघावं. रांगेतला एक खुंट जरी नसला, तरी पलीकडचा मेंढका पाण्यात पाय घालत नसे. काठावर बसून राही किंवा उलटा फिरे. त्या रांगेपुढं एस.टी.चं वेळापत्रक लटकं होतं. पूल होता, पण वर लांब. बाजाराला यायचं तर अर्धा दिवस जायचा.

बोटी आल्यापासून गेणबानं उतार पाडला नव्हता. बाजार अर्ध्यावर आला होता.

*

शनिवारी प्लॉटवर बायकांना कामाला बोलावलं. सिमेंटची रिकामी पोती वाळूनं भरायची, दाभणानं तोंड शिवायचं. तानुबाईच्या समोर ताईबाई बसली होती. बुद्धवाड्यातली, बन्सीची बायको. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आलेल्या, दोघी पलीकडच्या काठावरच्या. एकमेकींना माहेर म्हणून वापरायच्या.

"कशाला गं एवढी पोती?" तानुबाईनं विचारलं.

"बंधारा बांधायचाय म्हणं."

"मुकादम म्हणाला?"

"मुकादम म्हणाला, तू शीव. बंधारा मी म्हणते. कायतरी म्हणाया नको व्हय?" ताईबाईनं सुतळी दातानं तोडली. "माझी पोती बघ कशी, नवरीच्या पिशवीवानी. तुझी बघ. टाका हाय का गटार?"

"हात सोलपटलं माझं."

"तर! आन् माझं हात काय लोण्याचं हायेत?"

दुपारी बोटीवरच्या पोरांनी पोती उचलायला सुरुवात केली. बिहारकडची पोरं, बारीक अंगाची, डोक्याला लाल गमछे. नदीकाठच्या ताडपत्रीखाली राहायची, गावात फक्त मीठ-मिरचीला यायची. "काकी, हट जाओ," म्हणत पोतं खांद्यावर घ्यायची आणि बोटीत टाकायची. बोट मध्ये जायची. तानुबाई उभी राहून बघत होती. पोती खालच्या अंगाला पडत नव्हती, वरच्याही नाही. बरोबर उताराच्या रेघेत पडत होती, एकापुढं एक.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हा बंधारा न्हाई."

ताईबाईनंही बघितलं. मग खाली बसून पुढचं पोतं ओढून घेतलं. "म्हाताऱ्याला चालाया रस्ता करत्यात. शीव बाई. आपुन न्हाई शिवली तर दुसरी शिवंल."

रात्रीच्या भाकरीला तानुबाईनं नवऱ्याजवळ विषय काढला. हनुमंत ताटात बघत म्हणाला, "एक दिवसाचा खेळ हाय. साहेब येतील, बघतील, जातील. आबांचा पण मान व्हईल."

"आन् मागनं माणसं चालली तर?"

"तुला कुणी सांगितलंय गावाचा इचार कराया?"

गेणबा कोपऱ्यात दूध-भाकरी कुस्करत होता. त्याला ऐकू यायचं सगळं, पण ऐकायचं कधी ते तो ठरवायचा.

*

सोमवारी साहेब आले. दोन जीपगाड्या, मंडप, बँडवाले दोघं. शाळेतल्या मुलींनी स्वागताचं गाणं म्हटलं. सरपंचानं माईक हातात घेऊन गावाचा इतिहास सांगितला, भूगोल सांगितला, मग लोकसंख्या सांगितली. इतिहासात त्याचे पणजोबा जरा जास्तच वेळा आले. भूगोलात नदी बारमाही होती आणि बोटी नव्हत्या. खऱ्याच नव्हत्या त्या दिवशी, पहाटेच खालच्या वळणावर नेऊन ठेवल्या होत्या, आणि लोकसंख्येत न बसणारी ती लाल गमछ्याची पोरं दिवसभर उसात दडवून बसवली होती.

मग गेणबा आला. धुतलेलं धोतर, नवा फेटा, कपाळभर भंडारा. त्याला धरायला दोघं पुढं झाले तर त्यानं काठीनंच बाजूला केले. पाण्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, बिरोबाचं नाव घेतलं आणि पाय आत घातला.

तानुबाई बायकांत उभी होती. तिला म्हाताऱ्याची पाठ दिसत होती फक्त. पहिली काही पावलं वाळूची असणार, तो ताठ होता. मग एका जागी थांबला. डावा पाय उचलून परत ठेवला, परत उचलला. सतरा गावची मेंढरं ज्याच्या मागून पलीकडं गेली त्या माणसाला खडक कोणता, वाळू कोणती आणि शिवलेलं पोतं कोणतं, हे पायाला कळणार नाही? तिनं पदर दातात धरला. आता म्हणतील. आता वळतील आणि म्हणतील.

"काय झालं हो?" एका साहेबानं विचारलं.

"काय न्हाई, काय न्हाई! चाचपत्यात. जुनी पद्धत हाय," सरपंच म्हणाला आणि बँडवाल्यांकडं बघितलं. बँड सुरू झाला.

गेणबा पुढं चालू लागला. पुढं एकदा त्याचा पाय चांगलाच खचला, तो काठीवर तोलला, सावरला. मागून खुंट रोवले जात होते. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती, अर्ज केलेलीसुद्धा. गेणबाला चालत येताना बघून त्यांच्यातल्या एकानं फेटा उडवला. साहेबांनी गुडघ्याएवढं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तसं लिहून घेतलं आणि मटणाच्या जेवणाला गेले.

साहेबांची पाठ वळल्यावर खालच्या वळणावरून आणलेल्या बोटीतून गेणबा परत आला. सगळे पाया पडले. शेठनं स्वतःच्या हातानं शाल घातली. तानुबाई जवळ गेली तेव्हा तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "पाणी गार हाय यंदा."

*

मंगळवारपासून बोटी पुन्हा घुरघुरायला लागल्या. साहेब बघून गेलेले, कागद झालेला, आता भीड कुणाची?

बुधवारी दुपारी तानुबाई घाटावर गोधडी आपटत होती. वरून काहीतरी पांढरं वाहत आलं, तिच्या पिंडरीला गुंडाळलं. सिमेंटचं पोतं. रिकामं. तोंडाला सुतळी तशीच, पोट फाटलेलं. तो वेडावाकडा टाका तिचाच होता. तिनं ते हातात धरलं तोवर दुसरं आलं. मग तिसरं, ते ताईबाईचं, नवरीच्या पिशवीसारखं शिवलेलं.

ती तशीच ओल्या लुगड्यानं काठाकाठानं वर गेली. खुंटांची रांग उभी होती. मधले दोन-तीन कलले होते, पण होते. फडकी वाऱ्यावर हलत होती, पिवळी जर्द, पलीकडून स्वच्छ दिसतील अशी.

उद्या गुरुवार. उद्या बाजार. पलीकडच्या बायका डोक्यावर पाट्या, काखेला पोरं घेऊन येणार. आणि तिचा भाऊ म्हाळू येणार होता. त्यानं कालच दूधवाल्याकडून निरोप धाडला होता: आबांनी उतार पाडला ते ऐकून आनंद झाला, गुरुवारी मेंढरं घेऊन उतरतो, भांडगावच्या अंगाला रानात बसवायची आहेत. मेंढरांचं सांगायला नको. पुढची जाईल तिथं मागची जाणार. पुढची बुडाली म्हणून मागची थांबत नाहीत.

ती प्लॉटवर गेली. हनुमंत खोपटाच्या सावलीत आडवा होता.

"पोती फुटली. ही बघा. उद्या माणसं मरतील."

हनुमंतानं पोतं बघितलं. बराच वेळ बघितलं. "मग मी काय करू?"

"खुंट काढा. न्हाईतर शेठला सांगा."

"शेठला सांगू, की शेठ, तुमचा उतार खोटा हाय? आन् आबा खोटं चालले? घरी जा."

ती घरी गेली नाही. ताईबाईकडं गेली. ताईबाई गोवऱ्या थापत होती. पोतं बघून तिनं शेणाचे हात तसेच बादलीतल्या पाण्यात बुचकळले आणि दोरीवरचं शेळीचं दावं काढलं.

"पुरंल का एवढं?"

"अजून एक जोड."

उन्हं कलायच्या आत दोघी नदीवर होत्या. बोटीवरची पोरं जेवायला गेली होती. तानुबाईनं कासोटा घट्ट केला, दावं कमरेला बांधलं, दुसरं टोक ताईबाईनं बाभळीच्या बुंध्याला एक वेढा देऊन हातात धरलं.

"मेलीस तर सोडून देईन बघ," ताईबाई म्हणाली. "मला वढवणार न्हाई तुझं वझं."

पहिला खुंट सहज निघाला. दुसऱ्याला जोर लागला. पुढचे काढताना पाणी मांडीला आलं. पायाखाली पोती होती, निसरडी, अर्धी रिती. मग एका पावलाला काहीच नव्हतं. ती गळ्याएवढी आत गेली, नाका-तोंडात पाणी, खाली पाय लागेना. कमरेला दाव्याचा हिसका बसला. ताईबाई काठावर टाचा रोवून, शिव्या देत ओढत होती. तानुबाई बाहेर आली तेव्हा उपटलेले खुंट छातीशी घट्ट धरलेले होते. दोघी वाळूत पडून धापा टाकत राहिल्या. मधे पिवळी फडकी तशीच उभी होती, पण अलीकडची बाजू आता मोकळी होती. रांग तुटली होती.

"तुझं नाव निघणार न्हाई," तानुबाई म्हणाली.

"निघू दे की."

"न्हाई. माझ्या घरचं खुंट हायेत. मला शिव्या देतील. तुला निराळ्या देतील."

ताईबाईनं दावं गुंडाळलं. तिला माहीत होतं ते.

*

गुरुवारी पलीकडच्या काठावर माणसं जमली, थांबली, ओरडून विचारत राहिली आणि उन्हं डोक्यावर आली तशी फिरली. म्हाळूची मेंढरं सकाळभर काठावर पांढरी दिसत होती. तोही पुलाच्या वाटेनं निघून गेला. बाजार पुरता बसला. भजीवाल्याची भजी पाटीत गार झाली. माळणीनं वांगी गाईंपुढं टाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं, की खुंट गेणबाच्या सुनेनं उपटले. बोटीवरच्या एकानं तिला लांबून पाण्यात बघितलं होतं; बाभळीआडची ताईबाई त्याला दिसली नव्हती.

हनुमंतानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. दोन महिने झालं, झोपच न्हाई."

शुक्रवारी सकाळी बिरोबाच्या पारावर बैठक बसली. शेठ खुर्चीवर, सरपंच त्याच्या शेजारी, गेणबा पारावर, गाव खाली. तानुबाईला उभं केलं.

"का उपटलं?" सरपंचानं विचारलं.

"उतार न्हाई म्हणून. पोत्यांवरनं चालवलं मामांना. ती पोती मी शिवली. आता फुटली."

खाली बसलेल्या बायकांतल्या अर्ध्यांनी ती पोती शिवली होती. त्या मातीत काड्यांनी रेघा ओढत होत्या. ताईबाई लांब, झाडापाशी उभी होती, ती पुढं यायला लागली तशी तानुबाईनं नुसती मान हलवली.

"साहेब लोकांच्या देखत आबा चालत गेलं," सरपंच म्हणाला. "सगळ्या गावानं बघितलं. म्हंजी आबा खोटं?"

सगळ्यांनी गेणबाकडं बघितलं. म्हातारा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता. तानुबाईला वाटलं, आता तरी. तो उठला.

"चला," तो म्हणाला. "पुन्यांदा चालून दावतो."

आणि निघाला. गाव मागून निघालं. ती वाट बघत होती, की कुणीतरी म्हणेल, आबा, राहू द्या. सरपंचानं म्हटलं नाही. शेठ खिशातला फोन चाचपत राहिला. हनुमंत बापाच्या मागं चार पावलांवर होता, त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण तोंड उघडत नव्हता. सगळ्यांना माहीत होतं पाण्याखाली काय आहे ते. म्हातारा मेला असता तर पाय घसरला म्हणाले असते. वय झालं होतं म्हणाले असते.

गेणबानं काठावर पायातली पायताणं काढली, शेजारी शेजारी नीट ठेवली. पाण्याला हात लावला. पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं.

तानुबाई धावली आणि पाण्यातच त्याच्या पायांना मिठी मारून बसली.

"चुकलं माझं!" ती ओरडली. "चुकलं, मामा! उतार हाय. मीच उगं उपटलं. माझ्याच डोक्यात आलं कायतरी."

काठावर सगळ्यांचा श्वास सुटल्याचं ऐकू आलं.

"बघा," सरपंच घाईनं म्हणाला. "तोंडानंच कबूल झाली. मिटलं. आबा, उद्या पुन्हा खुंट लावून घ्या, पुढच्या गुरुवारी बाजार—"

"न्हाई," गेणबा म्हणाला.

तो पाण्यातच उभा होता, एक हात सुनेच्या डोक्यावर, आधारासाठी.

"खुंटाला बाईचा हात लागला. उतार बाटला. आता वर्षभर यात कुणी पाय घालायचा न्हाई. मेंढरू न्हाई, माणूस न्हाई. घातला तर बिरोबा बघून घेईल."

असा नेम कुणी ऐकला नव्हता. तानुबाईच्या सासूनं जन्मभर फडकी भंडाऱ्यात बुडवून, स्वतःच्या हातानं खुंटांना बांधून दिली होती. मग गावातली सगळ्यांत म्हातारी सोजराबाई म्हणाली, "व्हय, व्हय. आसंच हाय. माझी सासू पण सांगायची." लगेच दुसरीला आठवलं. तिसऱ्याच्या आज्याच्या वेळी म्हणे असंच झालं होतं. बघता बघता नेम शंभर वर्षं जुना झाला. शेठला पटलं, उतार आहे असा कागद त्याच्याकडं होताच. सरपंचाला पटलं. पलीकडं तसा सांगावा धाडायचं ठरलं. तानुबाईनं पुढच्या कार्तिकापर्यंत नदीवर यायचं नाही, धुणं हापशावर धुवायचं, हेही ठरलं. बायका वाट देताना लुगडी सावरून बाजूला सरकल्या, शनिवारी तिच्या मांडीला मांडी लावून पोती शिवलेल्यासुद्धा.

हनुमंत शेठबरोबर प्लॉटकडं गेला. सासरा पुढं, सून मागं, अशी दोघं घराकडं निघाली. ओलं लुगडं तिच्या पायात घोळत होतं. वेशीच्या अलीकडं, आसपास कुणी नाही असं बघून, गेणबा थांबला. वळला नाही.

"मधल्या खुंटापशी पाय खचला व्हता माझा, सोमवारी," तो म्हणाला. "तवाच कळलं व्हतं."

तानुबाईनं पदर पिळला. "मग तिथंच म्हणायचं व्हतं, मामा. उतार न्हाई म्हणून."

"म्हणलो की आज," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत चालू लागला. "तुझ्या नावानं म्हणलो."